सातवं खळं

गोल्फ मी खेळलेली आहे. एकदा नव्हे, चांगली दोन वर्षं, दर पंधरवड्याला, आणि तेही अशा ठिकाणी जिथे आमच्या सरपंचालासुद्धा फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नसे. हे सांगितलं की माझी सून चहाचा कप खाली ठेवते आणि नातवंडांकडे बघून डोळे मिचकावते. मिचकावू दे. टीव्हीवर तो खेळ लागला की मी आवाज बंद करायला लावते आणि नुसता चेंडू बघत बसते. चेंडू गलीपासून, म्हणजे त्या भोकापासून, चार हातांवर असतो, खेळणारा वाकून, गुडघे टेकून, डोळे बारीक करून जमिनीकडे बघत राहतो, आणि मी इथे पलंगावर बसल्या बसल्या सांगते, डावीकडे जाणार. जातो. सून म्हणते, तुम्हाला कसं कळलं? त्याचं उत्तर एका वाक्यात मावणारं नाही म्हणून आज लिहायला घेतलं आहे.

आमचं गाव डहाणूच्या खाली, वरोरच्या अलीकडे, समुद्राला चिकटून. नाव लिहीत नाही, कारण त्या क्लबातल्या लोकांची मुलंबाळं अजून हयात आहेत आणि मला कोर्टकचेरीची हौस नाही. रेल्वे आली त्या काळातल्या गोऱ्या साहेबांनी गावाच्या पश्चिमेची चरायची जमीन घेतली, तिच्याभोवती सुरूची झाडं लावली आणि नऊ गलींचं मैदान केलं. पुढे गोरे गेले आणि त्यांच्या खुर्च्यांवर मुंबईचे गिरणीवाले, मोठे वकील, निवृत्त अंमलदार येऊन बसले. फाटकावरची इंग्रजी पाटी तीच राहिली. मी सातवीत गेले तेव्हा ती पहिल्यांदा वाचली आणि घरी येऊन आईला अर्थ सांगितला, की सभासदांशिवाय कोणी आत यायचं नाही. आई तेव्हा चुलीत लाकूड सारत होती. ती म्हणाली, "मग आमी काय भुतं हाव काय गो? रोज तर जातंव."

कारण आई रोज जात होती. आई आणि तिच्याबरोबरच्या सहा बायका. पावसाळ्यात ते मैदान हिरवंगार असे, पण दिवाळी सरली की खारा वारा सुटायचा आणि गवत जळून पिवळं पडायचं. विहिरीचं पाणीही मचूळ. गलीच्या भोवतीची जागा तर तळहातासारखी गुळगुळीत लागते, नाहीतर चेंडू उड्या मारतो. गोऱ्यांनी म्हणे आधी रेती आणि तेल वापरून बघितलं, मग कोणीतरी शहाण्याने आमच्या गावातली भात झोडायची खळी बघितली. ठोकून, चोपून, शेणाने सारवलेली जमीन. तेव्हापासून त्या क्लबात प्रत्येक गलीभोवती दिवाळीपासून मिरगापर्यंत एकेक गोल खळं असे आणि ती नऊच्या नऊ खळी आमच्या गावच्या बायका सारवत. साहेब लोक त्याला काही वेगळं म्हणत असतील. आमच्यात पहिलं खळं, दुसरं खळं, असंच चालायचं. आधी माझी आजी या कामाची पुढारीण होती, तिच्यामागून आई झाली.

आईचं नाव जानकी. गावात तिला जानकीवयनी म्हणत. तिच्या हातच्या खळ्याला नाव होतं. कार्तिकात ज्याच्या त्याच्या घरून तिला बोलावणं यायचं, पार वाणगावच्या बाजूच्या पाड्यांतून गाडी पाठवून न्यायचे. ती गेल्यावर आधी जमीन ओली करून अनवाणी चालून बघायची, आणि मग म्हणायची, इथे खाली हाय, इथे माती घाला. धान्य पडतं त्या जागेवर भेग राहिली तर दाणा आत जातो आणि तो गेला तो गेला. त्यामुळे ज्या बाईच्या खळ्याला भेग पडते किंवा ज्या बाईचं खळं वाकडं होतं, तिला दुसऱ्या वर्षी कोणी बोलावत नाही, आणि तोंडावर कोणी काही बोलतही नाही. आईला या न बोलण्याची फार भीती होती. बाकी ती कशाला भीत नसे.

घरात आम्ही चार माणसं. बाबा, आई, काशीकाकी आणि मी. बाबा सकाळी बैलगाडीत वांगी, मिरच्या आणि दुधी घालून वाणगावच्या बाजारात जायचे आणि दुपारी परत येऊन बैलांशी बोलत बसायचे. माणसांशी फारसं बोलत नसत. काशीकाकी म्हणजे वारलेल्या काकांची बायको. तिची जीभ एवढी तिखट की आई म्हणायची, चटणीत मिरची कशाला, काशीला बाजूला बसव. सकाळी तांदळाची भाकरी थापल्याचा आवाज, निखाऱ्यावर टाकलेल्या सुक्या बोंबलाचा वास, सुरूच्या झाडांतून वाऱ्याची न थांबणारी घरघर, आणि ऊन वर आलं की मैदानातून येणारा टक्क, टक्क असा चेंडू मारल्याचा आवाज. भर दुपारी तो ऐकू आला की काकी म्हणायची, "लागले मेले टकटक कराया. यांना घरात काम नाय."

मी अकरावी करून घरी बसले होते तेव्हाची ही गोष्ट. मुंबई राज्याचे नुकते दोन तुकडे झाले होते, तलासरीच्या पलीकडे परमुलूख झाला होता, आणि आमच्या शाळेतले निम्मे मास्तर कुठल्या बाजूला जायचं या विचारात होते. मला मास्तरीण व्हायचं होतं. पण ट्रेनिंगला नंबर लागायचा होता आणि तोवर आईने मला बादली दिली. गाईचं ताजं शेण, शेताच्या बांधावरची काळी माती, भाताचा कोंडा, गोडं पाणी. हे कालवायचं आणि उजव्या हाताच्या तळव्याने अर्धगोल, अर्धगोल ओढत मागे सरकायचं. आतून बाहेर येणारी बाई स्वतःच्या पायाचा ठसा ठेवत नाही, हे पहिलं शिक्षण. दुसरं असं की हात घाई करत असेल तर थांबायचं. मी पहिल्या महिन्यात दहादा तरी बोलणी खाल्ली. पण हळूहळू हाताला कळू लागलं. डोळ्याला जे सपाट दिसतं ते तळव्याला सपाट नसतं. हे मी पुढे तीस वर्षं वर्गात मुलींना सांगितलं आणि त्यांना त्यातलं काही कळलं नाही, कारण त्यांनी सारवलेलं नव्हतं.

सारवून झालं, सुकलं, की मात्र आम्ही तिथून दूर. क्लबचा सेक्रेटरी म्हणून एक उंच, पांढऱ्या पँटमधला गृहस्थ होता, तो सकाळी नऊ वाजता टाळी वाजवायचा आणि आम्ही बादल्या उचलून मागच्या फाटकाने बाहेर पडायचं. मग सुरूच्या झाडाआडून मी बघायची. आम्ही गुडघ्यावर रांगून केलेल्या खळ्यावर साहेब खिळ्यांचे बूट घालून चढत. गावात खळ्यावर कोणी वहाण घालून पाऊल ठेवत नाही, लहान पोरही नाही. आई तिकडे पाठ करून चालायची. ती का बघत नाही हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं आणि अजून राग येतो.

त्या वर्षी होळीच्या आधी क्लबची मोठी स्पर्धा होती. मुंबईहून मोटारी येणार म्हणून आठ दिवस आधीपासून धावपळ. त्यात काशीकाकी तापाने पडली, दोन बायका माहेरी गेलेल्या, हात कमी पडले. आईने पहिल्यांदाच मला एक अख्खं खळं एकटीला दिलं. सातवं. ते सगळ्यात समुद्राजवळ, एका उंचवट्यावर, तिथून वाळूत सुकत घातलेली वरोरची जाळी दिसायची. मी एवढी खूश झाले की भाकरी न खाता गेले. ते खळं मी दोन दिवस केलं. जीव ओतून केलं. आणि करताना माझ्या हाताने, मला न विचारता, घरच्या खळ्याला देतो तसा त्याला एका बाजूला उतार दिला. घरी तो द्यावाच लागतो. अवकाळी सर आली तर पाणी थांबायला नको. गोल्फच्या खळ्याला तो द्यायचा नसतो हे आईच्या हाताला माहीत होतं. माझ्या हाताला नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही मागच्या फाटकाशी बसून होतो, कुठे खरवडलं तर डागडुजीला लागू म्हणून. सकाळी अकराच्या सुमारास सातव्याकडून आरडाओरडा ऐकू आला. मग एक माणूस पळत आला आणि म्हणाला, जानकीबाईला बोलावलंय, सगळ्यांना बोलावलंय. आम्ही गेलो. खळ्याभोवती तीस-चाळीस माणसं उभी. छत्र्या, टोप्या, काळे चष्मे, बायकांच्या नायलॉनच्या साड्या. मधोमध क्लबचे चेअरमन, लालबुंद. त्यांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू. त्यांचा चेंडू गलीच्या उजव्या अंगाला दीड हात लांब जाऊन थांबला होता. त्या एका चेंडूवर त्यांचा चषक गेला होता. समोरचा पाहुणा खेळाडू तोंडावर रुमाल धरून उभा होता, आणि तो हसत होता हे सगळ्यांना दिसत होतं. खरा राग त्याचा होता, पण तो निघाला आमच्यावर.

सेक्रेटरीने आईला विचारलं, "हे कोणी केलं? वाकडं आहे हे. साहेबांचा बॉल सरळ जात होता, तो फिरला. आज पाहुण्यांसमोर क्लबची अब्रू गेली, बाई."

आई खळ्याच्या कडेशी आली, पायाची माती झटकली आणि अनवाणी दोन पावलं आत गेली. परत आली. म्हणाली, "खळं आमच्या हातचं हाय. बोलायचं ता मला बोला."

"बोलायचं काय? साहेबांची माफी मागायची. हात जोडून, इथे, सगळ्यांसमोर. आणि हे आत्ताच्या आत्ता खणून काढायचं."

आईने हात जोडले नाहीत. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि शेणाने पिवळा पडलेला उजवा हात तिने लुगड्याला पुसला नव्हता. मला अजून तो हात दिसतो. बायकांतली एक हळूच म्हणाली, जोड ना वयनी, काय जातंय. आणि मी बघितलं की आई खरंच विचारात पडली आहे. गावभर होणार होतं. जानकीचं खळं वाकडं निघालं, साहेबांनी माफी मागायला लावली. पुढच्या कार्तिकात गाडी येणार नाही आणि कोणी काही बोलणारही नाही. आणि हे सगळं माझ्या हाताने झालं होतं.

मी पुढे झाले. मी म्हटलं, "हे खळं मी सारवलंय. आईने नाय. आणि ता वाकडं नाय, त्याला उतार हाय. मी मुद्दाम दिलाय."

मुद्दाम कसला! पण त्या क्षणी ते तोंडातून निघालं आणि निघालं ते निघालं.

सेक्रेटरी म्हणाला, "मुद्दाम?"

"होय. तुमच्या त्या गवतात चढउतार नसतात? तेवा तुमी माळ्याला माफी मागाया लावता काय? पावसाळ्यात वाकून बघता, मग मारता. खळं म्हणजे बायकांनी केलेलं, सपाटच असणार, असं साहेब धरून चालले. बघितलं नाय, मारलं. त्यात माझा काय दोष?"

कोणीतरी गुजरातीत "अरे वाह" म्हणालं. मोठे साहेब इंग्रजीत काही बोलले. मला त्यातला "गर्ल" एवढाच शब्द लागला. मग तो रुमालवाला पाहुणा पुढे आला. त्याने आपल्या हातातली चपट्या तोंडाची काठी माझ्यापुढे धरली आणि हिंदीत म्हणाला, "इतना मालूम है, तो मारके दिखाओ." तो माझ्या बाजूने होता असं नाही. त्याला मजा हवी होती. पण काठी काठीच असते. मी घेतली.

सेक्रेटरी ओरडला की हे नियमात नाही, फक्त सभासद. तोवर मी पदर खोचून खळ्यावर चढले होते. साहेबांचा चेंडू जिथून सुटला होता ती जागा पाहुण्याने बोटाने दाखवली, तिथे मी चेंडू ठेवला. गलीकडे बघितलं नाही. दोन दिवस मी ज्या जागेवर रांगले होते तिथे माझा तळवा कुठे खाली गेला होता तेवढं आठवलं, आणि गलीच्या डावीकडे, चांगलं दीड हात डावीकडे, तोंड करून काठी हलवली. चेंडू निघाला. लोक हसले, कारण तो भलतीकडेच चालला होता. मग तो उताराला लागला आणि वळू लागला, आणि हसू थांबलं. तो वळत वळत आला आणि गलीच्या काठाशी, दोन बोटं अलीकडे, थांबला.

आत गेला नाही. हे मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण गावात पुढे लोकांनी तो आत घातला. मी हे खोडून काढत आले आहे. पण दोन बोटं आणि दीड हात यातला फरक तिथल्या प्रत्येक माणसाला दिसत होता. मी काठी पाहुण्याला परत दिली आणि मोठ्या साहेबांना म्हटलं, "तुमी दहा वरसं खेळता. मी आज पयल्यांदा काठी धरली."

आईने माझं मनगट धरलं. मला वाटलं आता मारते. ती सेक्रेटरीला म्हणाली, "खणायचं तर तुमी खणा. आमी केलेलं खळं आमी मोडत नाय. आणि माफी मी मागनार नाय." एवढं बोलून ती वळली. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मघाशी जोड ना म्हणालेलीने आधी बादली उचलली, मग सगळ्यांनी. आम्ही मागच्या फाटकाकडे गेलो नाही. आई पुढच्या फाटकाने, त्या इंग्रजी पाटीखालून, सगळ्या मोटारींच्या मधून चालत गेली आणि आम्ही तिच्या मागे.

घरी बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता?" आई म्हणाली, "आता काय? भाकऱ्या टाकते." काशीकाकी तापातून उठून बसली आणि तिने मला सगळं तीनदा सांगायला लावलं, साहेबांचा चेहरा कसा झाला होता ते तर चारदा.

क्लबने दुसऱ्या दिवशीपासून पुरुष गडी लावले. आधी तलासरीच्या अंगाच्या पाड्यांवर गाडी पाठवली होती म्हणे, पण तिथल्या बायकांनी विचारलं, ही खळी कोणाची? जानकीवयनीची आहेत म्हटल्यावर त्या गाडीत बसल्या नाहीत. मग गडी. त्या गड्यांना जवळची माती सोडून लांब बांधावरची आणायचा कंटाळा, म्हणून त्यांनी किनाऱ्याची रेती कालवली. खारी रेती! आम्ही सुरूच्या झाडाआडून बघत होतो आणि काकीने तोंडात पदर कोंबला होता. खाऱ्या रेतीला सकाळी ओल सुटते, दुपारी ती सुकते आणि वरचा थर पापडासारखा उचलला जातो. आठ दिवसांत नऊच्या नऊ खळ्यांना भेगा गेल्या. टक्क आवाज यायचा, मग थोड्या वेळाने शिव्या ऐकू यायच्या. विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा आली, आम्ही चालत जाऊन देवीला नारळ फोडून आलो, तरी खळी तशीच.

जत्रेनंतर चार-पाच दिवसांनी सेक्रेटरी आमच्या ओसरीवर येऊन बसला. आई करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होती. ती उठली नाही, पण काकीने त्याला पाणी दिलं, कारण ते द्यायचंच असतं. तो म्हणाला, झालं गेलं विसरून जा, मे महिन्यात सगळे सभासद कुटुंबं घेऊन येतात, काय मैदानाची दशा झाली आहे. माफीचं कोणी बोलणार नाही. साहेबांना मी समजावलंय.

आई म्हणाली, "येऊ. पण दर पंधरवड्याला खळं सारवून सुकलं की आधी आमी खेळनार. नऊची नऊ. मग तुमचे साहेब."

त्याच्या हातातलं फुलपात्र तसंच राहिलं. "तुम्ही? गोल्फ?"

"तुमच्यात बायका खेळत नाय? बुधवारी येतात त्या?"

"त्या मेंबरांच्या मिसेस आहेत, बाई."

"आणि आमी खळं करनाऱ्या. खेळून बघितल्याबिगर मला कसं कळनार बरोबर झालंय का नाय? उद्या परत कोनी बोलला वाकडं हाय, तर मी काय सांगू? पोरीने काठी धरली म्हणून त्या दिवशी आमी उभ्या राहिलो. नायतर माझं नाव गेलंच होतं." ती करंदी सोलायची थांबली नव्हती. "नाय जमत तर नको. रेती हाय तुमच्याकडे."

काकी आतून मोठ्याने हसली. सेक्रेटरी दोन दिवसांनी परत आला आणि हो म्हणाला. एकच अट, सकाळी नऊच्या आत आटपायचं. त्यानेच दोन जुन्या काठ्या आणि सहा चेंडू दिले. हे लिहून कुठे ठेवलेलं नाही. त्या क्लबच्या भिंतीवर विजेत्यांची सोनेरी अक्षरातली नावं आहेत, त्यात आमची नाहीत. म्हणून तर सून डोळे मिचकावते.

आम्ही जुना थर खरवडून काढला आणि नऊच्या नऊ खळी नव्याने केली. सातवं आईने परत मलाच दिलं. आणि आता मी जे केलं ते सांगते. मी त्याला उतार दिला. या खेपेला खरोखर मुद्दाम. चाळीस लोकांपुढे मी मुद्दाम म्हटलं होतं, तर ते खरं करून दाखवायचं, असा माझा हट्ट. अठराव्या वर्षी माणूस असंच असतं, निदान मी होते.

पहिल्या खेळाची ती सकाळ. त्या सात बायका आणि मी, लुगडी वर खोचलेली, दोन काठ्या आणि सहा चेंडू. पहिल्याच फटक्याला काशीकाकीने चेंडू सुरूच्या बनात घातला आणि म्हणाली, "ज्याला पायजे त्याने शोधा." तिसऱ्याला एकीचा चेंडू थेट भरतीच्या पाण्यात गेला, तर वरोरची एक मासळीवाली टोपली खाली ठेवून, गुडघाभर पाण्यात उतरून तो घेऊन आली आणि मग आमच्याबरोबरच आली. कोणाला मोजता येत नव्हतं, कोणाला मोजायचंही नव्हतं. आई मात्र लांबचा फटका मारतच नव्हती. ती खळ्यावर आली की काठी घ्यायची, एकदाच मारायची, चेंडू कसा गेला ते बघायची आणि पुढे चालायची. मी तिला इतकी वर्षं त्या खळ्यांवर वाकलेली बघितली होती. उभी राहून, मान वर करून, समुद्राकडे तोंड करून चालताना मी तिला तिथे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि मला रडू आलं. वाऱ्याने डोळ्यांत रेती गेली असं मी काकीला सांगितलं.

सातव्याला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. खाली पायवाटेवर सेक्रेटरी घड्याळ बघत उभा, त्याच्यामागे मोठे साहेब आणि दोघे-तिघे सभासद, आपली पाळी कधी येते याची वाट बघत. आईने चेंडू मारला. तो वळला. तिने दुसऱ्या बाजूने मारला. परत वळला. ती खाली बसली आणि उजवा तळवा खळ्यावरून एकदा फिरवला. मग उठून सेक्रेटरीला म्हणाली, "सातवं बंद. आज कोनी खेळनार नाय याच्यावर."

"का? चांगलं तर दिसतंय."

"तुमाला दिसत नाय. उद्या या."

तो मोठ्या साहेबांकडे बघत राहिला आणि मोठे साहेब, सगळा क्लब ज्यांच्या शब्दावर चालायचा ते, आठव्याकडे चालू लागले.

ते लांब गेल्यावर आई माझ्याकडे वळली. "मागल्या खेपेलापन उतार जास्त झाला होता. त्या दिवशी पाय ठेवला तेवाच समजलं मला."

मी म्हटलं, "मग तेवा बोलली का नाय?"

"तुला सांगायचं होतं. त्यांना नाय," ती म्हणाली आणि बादली माझ्यापुढे सरकवली. "चल, बस खाली. सगळं खरवड."

मी काठी खाली ठेवली, पदर खोचला आणि खरवडायला बसले.